न हलणारा सिनेमा

झुंबरबाईंना लोणावळ्यात सगळे ओळखत, पण त्या नेमकं काय करतात हे कुणाला धड सांगता येत नसे. नाटकवाल्या म्हणावं, तर त्यांच्या नाटकात मागं पांढरा पडदा लावून सिनेमा चाले. सिनेमावाल्या म्हणावं, तर ऐन रंगात आलेल्या सिनेमापुढं चार जिवंत नट येऊन उभे राहत आणि पडद्यावरच्या राजाशी भांडायला लागत. एकदा पडद्यावर इंद्रायणी वाहत होती आणि रंगमंचावरची बाई घागर भरायला वाकली, तेव्हा मागल्या रांगेतला एक हमाल न राहवून ओरडला, "मावशे, पाय सटकंल!" एवढी मोठी दाद आपल्याला पुन्हा मिळाली नाही, असं बाई सांगत. पुण्याच्या विद्वानांनी मात्र नाकं मुरडली. धड नाटक नाही, धड सिनेमा नाही, ही खिचडी आहे, असं एकानं छापूनच टाकलं. त्यावर बाई म्हणाल्या, "असू दे की. पोट दुखतं ते पक्वान्नानं. खिचडीनं दुखल्याचं मी ऐकलं नाही."

बाईंचं तोंड हे असं होतं. लिहिणं त्यांचं, बसवणं त्यांचं, एखादी नटी आजारी पडली की तोंडाला रंग फासून उभं राहणंही त्यांचंच. भलं चिंतणारे म्हणत, "बाई, दोन डगरींवर पाय ठेवू नका. मध्ये पडाल." बाई म्हणत, "मध्ये पाणी असतं. मला पोहता येतं." असं बोलणाऱ्या बाईला कोण काय शिकवणार? पण या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यांच्या खाटेखालच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात होतं. डब्यात एक छोटं रीळ होतं, आणि रिळात त्यांची आई होती. आईचं दुसरं चित्र त्यांच्याकडं नव्हतं.

हे रीळ कसं झालं ते आधी सांगायला हवं.

झुंबर मूळची हेदवाडीची. लोणावळ्याच्या मागं डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं वीस-पंचवीस घरांचं गाव, खाली भाताची खाचरं, वर हेदाची झाडं. लहान वयात लग्न झालं आणि कळायच्या आत कपाळ पांढरं झालं. सासरच्यांनी पोर माहेरच्या ओट्यावर आणून सोडली. तिथून ती मावशीबरोबर मुंबईच्या गिरणीत गेली, आणि गिरणीतून एका सिनेमा कंपनीत. तेव्हा पडद्यावरच्या राण्यांना रोज सकाळी दाढी करावी लागे, कारण बायामाणसं या धंद्यात पाऊल टाकायला तयार नसत. झुंबरनं टाकलं. हेदवाडीत बोंब उठली, की विधवा पोर तोंडाला पावडर फासून नाचते. तिची आई सरुबाई उखळापाशी भात कांडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "नाचंना का. कपाळ पांढरं हायेच, तोंड बी पांढरं केलं तर बिघडलं काय?"

कंपनीत झुंबरला दासीची नाहीतर सखीची कामं मिळत. पण तिचा डोळा राणीच्या मुकुटावर नव्हता, कॅमेऱ्यावर होता. कॅमेरा चालवणारा चाँदभाई लोणावळ्याच्या बाजारातला. मुंबईत मावळची बोली कानावर पडली की दोघांनाही बरं वाटे. त्यानं तिला कॅमेऱ्याचं हँडल हातात दिलं. "एका चालीनं फिरवायचं," तो म्हणाला, "जोरात नाही, हळू नाही. घाई केली की माणसं पडद्यावर मुंग्यांसारखी पळतात." झुंबरनं हँडल धरलं आणि मनात जात्यावरची ओवी म्हणत फिरवलं. चाल जराही चुकली नाही. चाँदभाई तोंडात बोट घालून बघत राहिला. जन्मभर जात्याचा खुंटा फिरवलेल्या पोरीला त्यात अवघड काही नव्हतं.

एका हिवाळ्यात कंपनी लोहगडावर चित्र काढायला आली आणि लोहगडवाडीत मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी राजाचं काम करणाऱ्या नटाला टाक्याचं पाणी बाधलं. राजेसाहेब झुडपातून बाहेर यायला तयार नाहीत, सैन्य भाले उशाशी घेऊन झोपलेलं, सगळं काम ठप्प. झुंबरनं चाँदभाईला गाठलं. हेदवाडीच्या खाली धरणाची भिंत अर्ध्याच्या वर चढली होती. पुढल्या पावसाळ्यात गाव पाण्याखाली जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"चाँदभाई, मला एक चित्र काढायचंय," ती म्हणाली. "त्यात राजा नाही, राणी नाही. बायका भात कांडतायत, बाप्ये झोडपतायत, म्हातारे चिलीम ओढतायत. नुसतं माझं गाव."

"असलं चित्र कोण बघणार?"

"मी बघणार."

चाँदभाईनं उरलेली फिल्म घेतली, कॅमेरा बैलगाडीत घातला, आणि दोघं हेदवाडीला गेले.

गाव देवळापुढं जमलं. धुतलेली लुगडी, ठेवणीतली मुंडाशी. झुंबरनं सगळ्यांना जागा नेमून दिल्या. तू कांड, तू झोडप, तू घागर घेऊन ये. सगळे माना डोलावत होते. चाँदभाईनं हँडलला हात घातला आणि सगळं गाव जागच्या जागी थिजलं. कांडणारीचं मुसळ वरच्या वर राहिलं. झोडपणाऱ्याची पेंढी हवेत थांबली. चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्यानं धूर तोंडातच कोंडला आणि त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले.

त्याचं असं झालं होतं. वर्षभरापूर्वी धरणासाठी जमिनीची मोजणी करणारे लोक गावात आले होते, आणि त्यांच्याबरोबर एक फोटोवाला होता. काळ्या कापडात डोकं घालून तो ओरडला होता, "कुणी हलू नका! जो हलेल तो पुसला जाईल!" तो बिचारा फोटोविषयीच बोलत होता. पण त्याच वेळी गावातल्या नथूला शिंक आली, फोटोत नथूचं तोंड पुसट झालं, आणि पुढं भरपाई वाटली तेव्हा नथूच्या हातावर काही पडलं नाही. खरं म्हणजे नथू कसत होता ती जमीन चुलत्याच्या नावावर होती. पण गावानं आपला हिशेब मांडला. नथू हलला, नथू पुसला गेला. तेव्हापासून तीन पायांच्या यंत्रापुढं श्वास घ्यायचीसुद्धा हेदवाडीची छाती नव्हती.

"अगं आई, हल की! मुसळ खाली घाल!" झुंबर ओरडली.

सरुबाई ओठ न हलवता म्हणाली, "तू गप. आदी काढ."

"हा फोटो नाही गं! यात हललेलंच दिसतं!"

"व्हय, आन मंग नथूवानी पुसलं जातं."

झुंबरनं समजावलं, विनवलं, शेवटी कपाळावर हात मारून घेतला. गाव हटून बसलं होतं. फिल्म थोडी, सूर्य डोंगराकडं कललेला. शेवटी ती म्हणाली, "घ्या चाँदभाई, जसं आहे तसं घ्या." चाँदभाईनं हँडल फिरवलं. सगळी हेदवाडी त्याच्यापुढं छाती काढून उभी राहिली. हलत होता तो चुलीचा धूर, देवळावरचं निशाण आणि एक अडाणी कोंबडी.

मग झुंबरनं हात वर केला. "झालं!"

आणि गाव सुटलं. कोंडलेले श्वास बाहेर पडले, म्हातारा खोकत सुटला, बायका एकमेकींच्या पाठीत धपाटे घालून हसायला लागल्या. शेजारच्या विठाबाईच्या नवऱ्यानं मुंडासं काढून आकाशात फेकलं. सरुबाई मुसळ टाकून तरातरा पुढं आली, अगदी भिंगाच्या तोंडाशी आली आणि बाजूला उभ्या असलेल्या लेकीला म्हणाली, "जेवलीस का गं?" झुंबरच्या लक्षात आलं नव्हतं, पण चाँदभाईचा हात थांबलेला नव्हता. फिल्म संपेपर्यंत तो फिरवतच होता.

मुंबईला कंपनीच्या शेठनं ते रीळ पाहिलं आणि हसता हसता त्याच्या तोंडातलं पान सदऱ्यावर सांडलं. "हा सिनेमा का फोटो? दगडांचं चित्र काढायचं तर गडावर थोडे दगड होते?" मग त्याला फिल्मची किंमत आठवली आणि हसू मावळलं. "चूक! नुसती चूक आहे ही. घेऊन जा." त्यानं डबा दाराबाहेर भिरकावला आणि त्यामागोमाग झुंबरला आणि चाँदभाईलाही वाट दाखवली. झुंबरनं डबा उचलला, पदरानं पुसला आणि काखेत मारला.

पुढल्या पावसाळ्यात पाणी आलं. हेदवाडीची माणसं पाखरांसारखी उडाली, कुणी टाकव्याला, कुणी वडिवळ्याला, कुणी लोणावळा स्टेशनवर हमालीला. सरुबाई वडिवळ्याला भावाकडं राहिली. दुसऱ्याच्या उखळात कांडताना तिचा हात चालेना. ती वर्षभरही टिकली नाही. लोक म्हणाले तापानं गेली. लोकांना काय, नाव द्यायला एक दुखणं पुरतं. झुंबर ढसाढसा रडली, आणि त्यानंतर त्या गोष्टीवर कुणापुढं कधी रडली नाही.

तिनं लोणावळ्यात स्वतःची नाटक मंडळी उभी केली. ते डब्यातलं रीळ एकटीच बघताना तिला सुचलं होतं, की पडद्यावरची माणसं हलत नाहीत तर पडद्यापुढं हलणारी माणसं उभी करावीत. त्यांनी पडद्याला विचारावं, पडद्यानं गप्प राहावं, आणि लोकांनी मधल्या मध्ये ऐकावं. शेठ ज्याला चूक म्हणाला, त्यातूनच बाईंचं सगळं काम उगवलं होतं. जुनी मुकी रिळं त्या कवडीमोलानं मिळवत, चाँदभाई ती कापून जोडत असे, आणि त्यापुढं बाईंची माणसं बोलत. मग बोलपट आले. मुक्या रिळांचा बाजार उठला, चाँदभाई बाजारात स्टोव्ह आणि घड्याळं दुरुस्त करायला बसला. दुसऱ्या कुणी गाशा गुंडाळला असता. बाई म्हणाल्या, "पडदा बोलायला लागला म्हणून माणसांनी गप्प बसायचं का?" त्या खेळ करतच राहिल्या.

डब्यातलं रीळ मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. गाव बुडून पंधराएक वर्षं उलटल्यावर त्यांनी हेदवाडीवर नाटक लिहिलं. शेवटच्या प्रवेशात मागं ते रीळ चालायचं आणि पुढं स्वतः बाई सरुबाईच्या कामात, हातात मुसळ घेऊन. कामशेतच्या भातगिरणीचं गोदाम चैत्रात रिकामं असे, ते ठरलं. टाकव्याला आणि वडिवळ्याला सांगावा गेला. राहिला परवाना.

परवान्यासाठी बाई आणि चाँदभाई वडगावला मामलेदारांकडं गेले. मामलेदार नाटकवेडे, संगीत नाटकांची पदं त्यांना तोंडपाठ. हस्तलिखित वाचून ते म्हणाले, "चांगलं आहे. पण बाई, एकही पद नाही?"

"माणसं सामान बांधत होती, रावसाहेब. पेटी कोण वाजवणार?"

मामलेदारांनी मिशीत हसून पान उलटलं. "इथं शेवटी सिनेमा दाखवणार असं लिहिलंय. सिनेमाला मुंबईच्या सेन्सॉर मंडळाचा दाखला लागतो. आहे?"

"नाही. पण तो सिनेमा नाहीच. मागला पडदा आहे. रंगारी मिळाला नाही, म्हणून उजेडानं रंगवलाय."

"म्हणजे काय?"

"त्यात कुणी हलत नाही. कुणी हललं तर तो सिनेमा. नाही का?"

मामलेदारांनी आजवर पुष्कळ बेरकी माणसं पाहिली होती, पण हा युक्तिवाद नवा होता. त्यांनी कचेरीतली एक खोली अंधारी करवली आणि चाँदभाईला हातयंत्र लावायला सांगितलं. भिंतीवर हेदवाडी उभी राहिली. मामलेदार बराच वेळ बघत राहिले.

"कोंबडी हलते," ते म्हणाले.

"कोंबडीला दाखला लागतो?"

मामलेदार खो खो हसले. पण तेवढ्यात भिंतीवर गाव सुटलं, मुंडासं आकाशात उडालं, सरुबाई चालत पुढं आली. मामलेदारांचं हसू थांबलं. दिवा विझल्यावर ते सावकाश म्हणाले, "बाई, पहिलं सगळं पडदा आहे, मान्य. पण शेवटचं हे सिनेमा आहे. आणि साधा नाही. खोरोखोरी लोक धरणांवरून तापलेत. पुतळ्यासारखी उभी माणसं बघून कुणी पेटत नाही. पण ही हसणारी माणसं? तेवढा तुकडा कापून टाका."

"आईला कापू?"

मामलेदार गडबडले. मग म्हणाले, "कापू नका. त्या जागी आलं की झाका. पण एक सांगून ठेवतो. तो तुकडा दिसला, तर रीळ जप्त होईल आणि सरकारजमा झालेलं परत येत नाही. मी स्वतः पुढल्या खुर्चीत असेन."

चाँदभाईनं रिळात त्या जागी तांबडा दोरा बांधला. दोरा आला की भिंगापुढं पत्रा धरायचा, असं ठरलं. परतताना तो म्हणाला, "बाई, घरीच ठेवा हे. तुमच्याकडं दुसरं काय आहे आईचं?" तो प्रश्न बाईंनाही पडला होता. पण डब्यात कोंडलेलं गाव आणि पाण्यात कोंडलेलं गाव यांत त्यांना फारसा फरक दिसत नव्हता.

खेळाच्या दिवशी भर दुपारी गोदामाच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकली. हेदवाडीची माणसं चालत आली, सुना-नातवंडं घेऊन आली, फडक्यात भाकरी बांधून आली. जमिनीवर भाताच्या कोंड्याचा वास होता. तिथं मांडी घालून बसताना बायकांनी तो हुंगला आणि एकमेकींकडं बघितलं. पुढं खुर्चीत मामलेदार, दाराशी पोलीस.

खेळ चांगला चालला. मोजणीवाल्याच्या प्रवेशाला लोक पोट धरून हसले, नथू तर स्वतःच्या शिंकेवर सगळ्यांत जास्त हसला. मग शेवटचा प्रवेश आला. बाई मुसळ घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागं, माणसाएवढी, हेदवाडी उजळली.

गोदामातून एक आवाज आला, "आरं, ते आमचं घर!" आणि बांध फुटला. "आबा! आबा हाय त्यो!" "आगं ही तर मीच!" मेलेली, दुरावलेली, विसरलेली माणसं नाव घेऊन ओळखली जाऊ लागली. आयांनी पोरांना खांद्यावर घेऊन आजे दाखवले. बाईंनी आपली वाक्यं सोडून दिली. कुणी ऐकत नव्हतं, आणि ऐकायची गरजही नव्हती.

विठाबाई मात्र गप्प होती. केस पिकलेली, कमरेत वाकलेली विठाबाई काठी टेकत पार पुढं आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिथं तिचा नवरा मुंडासं बांधून, श्वास कोंडून ताठ उभा होता. तो जाऊन दहा वर्षं झाली होती.

"आवं, हला की आता!" विठाबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "मोजनी झाली, पानी आलं, गाव गेलं, तुमी बी गेलासा. आता कुनाला भ्यायचं ऱ्हायलंय? काय म्हून उभं ऱ्हायलाय आसं? हला की वो!"

विठाबाई काठी आपटत होती, आणि पडद्यावर कुणी हलत नव्हतं.

तेवढ्यात तांबडा दोरा आला. चाँदभाईनं भिंगापुढं पत्रा धरला आणि पडदा काळा झाला. यंत्र मात्र खटखट चाललंच होतं. बाई अंधारात उभ्या होत्या. त्यांना त्या रिळाचा क्षण न् क्षण पाठ होता. आत्ता त्या पत्र्याच्या आड श्वास सुटला. आत्ता म्हातारा खोकला. आणि त्यांच्यापुढं विठाबाई अंधारात काठी धरून उभी आहे, नवरा अजून भिऊन उभा आहे असं समजून. बाईंना एकदम संताप आला. मामलेदारांचा नाही, स्वतःचा. न हलण्याची अट या माणसांना पुन्हा एकदा घातली होती, आणि या खेपेला ती घालणाऱ्या आपणच होतो.

"चाँदभाई, पत्रा काढ!"

"बाई, रीळ जाईल!"

"काढ म्हणते ना!"

पत्रा बाजूला झाला आणि मुंडासं आकाशात उडालं. विठाबाईचा नवरा तोंड भरून हसत होता, हात उडवत होता. विठाबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही. गोदामातली सगळी माणसं उठून उभी राहिली होती आणि ओरडत होती. "हाललं! हाललं गाव!" त्या गलक्यातून सरुबाई तरातरा चालत आली, मोठी होत गेली, तिच्या चेहऱ्यानं सगळा पडदा भरला. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण बाईंना तो नको होता. त्या मुसळ टाकून पडद्याकडं वळल्या.

"जेवले गं आई," त्या म्हणाल्या.

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. दारं उघडल्यावर भस्सकन ऊन आत आलं आणि सगळे डोळे चोळत एकमेकांकडं बघत राहिले.

पोलिसानं डबा ताब्यात घेतला. मामलेदारांनी बाईंना आणि चाँदभाईला गोण्यांच्या थप्पीआड नेलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "बाई, मी पुष्कळ नाटकं पाहिली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. म्हणून सांगतो, नीट ऐका. पत्रा हातातून निसटला, चुकून झालं, असं लिहून द्या. बाकी मी सांभाळतो. डबा घेऊन घरी जा."

"माझ्याच हातून निसटला, रावसाहेब," चाँदभाई लगेच पुढं झाला. "म्हातारपण. हात कापतो."

बाईंनी चाँदभाईच्या हाताकडं पाहिलं. तो जन्मात कधी कापला नव्हता. मग त्यांनी डब्याकडं पाहिलं. पोलिसानं तो दोन्ही हातांत ताट धरावं तसा धरला होता. हो म्हटलं तर आई खाटेखाली परत येणार होती. रात्री एकटं बसून बघता येणार होती, मरेपर्यंत.

"निसटला नाही," बाई म्हणाल्या. "मी काढायला लावला. सगळ्यांनी ऐकलंय."

"अहो बाई, एका शब्दाचा तर प्रश्न आहे!"

"त्याच शब्दाचा आहे, रावसाहेब. हे रीळ झालं त्या दिवशी एका माणसानं त्याला चूक म्हणून दाराबाहेर फेकलं. तेव्हा मी पोर होते, गप्प बसले. आज माझ्या हातानं लिहून देऊ की माझं गाव हललं ती चूक झाली? ते नाही व्हायचं. ते हसले ते मी दाखवलं. जाणूनबुजून दाखवलं. कुणी विचारलं तर पुन्हा दाखवीन."

"कशातून दाखवाल? रीळ तर राहणार नाही."

"माणसं आहेत की."

बाहेर हेदवाडीची माणसं पांगायला तयार नव्हती. कोण कसा हसला, कोण आधी हलला, यावर त्यांचा कडाक्याचा वाद जुंपला होता. शेवटी मामलेदारांनी कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं. "मग निदान हे तरी सांगा," ते थकून म्हणाले. "कोणत्या कायद्याखाली गुन्हा घेऊ? नाटकाच्या, की सिनेमाच्या? दोन्हींच्या शिक्षा वेगळ्या आहेत."

झुंबरबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं टिपला. चेहऱ्यावरचा रंग त्यात उतरला आणि खालचा त्यांचा स्वतःचा चेहरा उघडा पडला.

"दोन्ही लावा," त्या म्हणाल्या. "एकात मी मावत नाही."